महात्मा फुले वाडा

महात्मा फुले वाडा हे जोतीराव गोविंदराव फुले (११ एप्रिल १८२७ – २८ नोव्हेंबर १८९०) आणि सावित्रीबाई फुले यांचे पुणे शहरातील राहते घर होय. हे घर जुना गंज पेठेत असून ही पेठ आता महात्मा फुले पेठ या नावाने ओळखली जाते. वाड्याच्या परिसराला समता भूमी असेही म्हणतात. शाळाचालक, ग्रंथकार, कंत्राटदार, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद अशा अनेक नात्यांनी जोतीराव वावरले. त्यांच्या सार्वजनिक कार्यातील काही महत्त्वाच्या घटना सभागृहात किंवा शाळेत न घडता याच घराच्या आवारात घडल्या. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीपासून प्रेरणा घेऊन लिहिलेला त्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ (१८७३) मराठी विचारविश्वात एक टप्पा मानला जातो. त्याच विचाराचा घरगुती व्यवहार कसा होता, हे या वास्तूच्या इतिहासावरून कळते.

वाडा हा शब्द ऐकून पेशवाई थाटाचे दिंडीदरवाजे, चौक आणि सज्जे डोळ्यांपुढे येतात. तसे येथे काही नाही. लाकडी खांबांचे, कौलारू छपराचे, अंगण असलेले हे साधे घर आहे.

घराणे आणि शिक्षण

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे असून मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण होय. तेथून हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे आणि पुढे पुण्यास आले. पेशव्यांकडे फुले, हार आणि गजरे पुरविण्याच्या व्यवसायावरून त्यांना फुले हे आडनाव मिळाले. जोतीराव अवघे वर्षभराचेही नसताना आई चिमणाबाई वारल्या. त्यांचे संगोपन सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बालविधवेने केले. प्राथमिक शिक्षणानंतर वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले. शेजारी राहणारे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातल्यावर १८४१ मध्ये जोतीरावांना स्कॉटिश मिशनच्या शाळेत घालण्यात आले. तेथील शिक्षण १८४७ मध्ये संपले. याच काळात टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे हे त्यांचे या वयातील स्नेही. पुढील कार्यात यांपैकी गोवंडे यांचे नाव वारंवार येते.

नायगाव येथील खंडोजी नेवसे पाटील यांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी जोतीरावांचा विवाह १८४० मध्ये झाला.

वडिलांच्या घरातून बाहेर

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या मिरवणुकीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला, ही घटना सर्व चरित्रकारांनी नोंदविली आहे. तिचे महत्त्व कधी कधी अवाजवी वाढविले जाते. एका अपमानातून एवढे मोठे कार्य उभे राहत नाही. अहमदनगर येथील फेरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती आणि तिचा ठसा तितकाच खोल होता. त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. घरीच शिकलेल्या सावित्रीबाई पुढे या शाळांतून शिकवू लागल्या.

स्त्रियांना आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांना शिकविण्यावरून जातबांधवांनी गोविंदरावांवर दबाव आणला. शाळा सोडा किंवा घर सोडा, असा पेच वडिलांनी मुलासमोर ठेवला. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडले. काही काळ ते मित्र उस्मान शेख यांच्या घरी राहिल्याचे चरित्रकार सांगतात. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात, त्यानंतर रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत नव्या शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली.

१८५६ मध्ये त्यांच्या जिवावर मारेकरी घालण्यात आले. रोडे आणि धोंडिराम नामदेव कुंभार अशी त्या दोघांची नावे. रात्री घरात शिरलेल्या या दोघांशी जोतीराव शांतपणे बोलले आणि ते शरण आले. धोंडिराम कुंभार यांनी पुढे शिक्षण घेतले आणि ते सत्यशोधक समाजाचे खंदे समर्थक झाले.

आवारातील बालहत्या प्रतिबंधक गृह

जोतीरावांच्या घराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा अध्याय म्हणजे बालहत्या प्रतिबंधक गृह. तत्कालीन ब्राह्मण आणि अन्य उच्च जातींत विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती. फसवणुकीतून किंवा बळजबरीतून गर्भ राहिल्यास गर्भपात, नवजात अर्भकाची हत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई या तरुण ब्राह्मण विधवेच्या बाबतीत हेच घडले. मूल मारल्याच्या आरोपावरून तिला जन्मठेप होऊन अंदमानात पाठविण्यात आले. तिला फसविणाऱ्या पुरुषाला मात्र काहीच झाले नाही.

या प्रकरणाने अस्वस्थ होऊन आपण स्वतःच्या आवारातच हे गृह काढले, असे जोतीरावांनी १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना नमूद केले आहे. गृहाच्या स्थापनेचे वर्ष सामान्यतः १८६३ असे दिले जाते. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथेच ठेवावे, अशा आशयाच्या जाहिराती शहरात लावण्यात आल्या. त्या टिपणात जोतीरावांनी दिलेले आकडे अंगावर काटा आणणारे आहेत. ठिकठिकाणांहून आलेल्या ३५ स्त्रिया तेथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी अवघी ५ जगली. गर्भ पाडण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे बाकीची दगावली होती. अपयशाचा हा हिशेब त्यांनी लपविला नाही, हे मुद्दाम नोंदविण्यासारखे आहे.

बाळंतपणे आणि मुलांचे संगोपन यांचा भार प्रत्यक्षात सावित्रीबाईंवर होता. फुले दांपत्याला अपत्य नव्हते. १८७४ च्या सुमारास येथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तिचेही नाव काशीबाईच होते आणि त्यामुळे अनेक लेखांत या दोन स्त्रियांची गल्लत होते. दत्तक मुलाचे नाव यशवंत ठेवण्यात आले. तो पुढे डॉक्टर झाला.

पाण्याचा हौद

पुण्यातील सार्वजनिक हौद आणि पाणवठे अस्पृश्य मानलेल्या जातींना बंद होते. उन्हाळ्यात त्यांच्या स्त्रियांना पाण्यासाठी दुसऱ्याच्या कृपेवर ताटकळत उभे राहावे लागे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांना खुला केला. आज ही कृती छोटी वाटेल. त्या काळी पाणी हा जातीच्या बंधनातील सर्वांत कडक भाग होता. ज्याच्या हौदाला महार-मांगांचा हात लागला त्याच्या घरचे पाणी आणि अन्न नातलगांनाही वर्ज्य होत असे. शाळा काढणे हा उपकार म्हणून खपून जाई. हौद खुला करणाऱ्याला स्वतःच जातीबाहेर जावे लागे. महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रह यानंतर ५९ वर्षांनी, १९२७ मध्ये झाला.

'गुलामगिरी'

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–१८६५) मराठी मुलखाला अगदीच परके नव्हते. दक्षिणेकडील राज्यांतून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला आणि वऱ्हाड, खानदेशच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. मुंबईत शेअरांचा सट्टा फोफावला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. बहुतेकांना या युद्धातून एवढेच कळले. जोतीरावांनी त्यातून दुसरी गोष्ट उचलली. ज्यांच्या श्रमावर तो कापूस उभा होता त्या काळ्या गुलामांची कायद्याने मुक्तता झाली होती आणि त्यासाठी गोऱ्या लोकांपैकीच अनेक जण लढले होते.

१ जून १८७३ रोजी प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेल्या औदार्याचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांना दास्यातून सोडविण्यासाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा अर्पणपत्रिकेत व्यक्त केली आहे. ग्रंथाची रचना जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाची असून त्याला इंग्रजी प्रस्तावना जोडलेली आहे. पुराणातील अवतारकथांचा अर्थ आर्यांचे आक्रमण आणि मूळच्या रहिवाशांचा पराभव असा लावून त्यांनी जातिव्यवस्थेचा उगम सांगितला.

हा इतिहास आजच्या संशोधनाच्या कसोटीवर सर्वस्वी टिकणारा नाही आणि ग्रंथाची भाषाही जागोजाग कठोर आहे. तरी त्यातील मुख्य मुद्दा इतिहासाच्या तपशिलावर अवलंबून नाही. अमेरिकेतील गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक होते. येथील शूद्राला मात्र धर्माच्या नावाखाली आपली अवस्था ईश्वरी इच्छा म्हणून स्वीकारायला शिकविले गेले आणि म्हणून ही बेडी अधिक चिवट आहे, असे जोतीरावांचे प्रतिपादन होते. विद्या हेच ती तोडण्याचे साधन, हा त्यांचा आग्रह यातूनच आला.

त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी पुण्यात सुमारे ६० मंडळींच्या उपस्थितीत सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. जोतीराव अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष झाले, तर नारायण गोविंदराव कडलक चिटणीस. भटजींवाचून आणि हुंड्यावाचून लागणारे विवाह हे समाजाचे गाजलेले कार्य. असा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी लागला.

नगरपालिकेतील जोतीराव

१८७६ पासून सुमारे सहा-सात वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांच्या आयुष्याच्या या भागाकडे चरित्रलेखनात तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. व्यवसायाने ते कंत्राटदार होते. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल यांसारख्या कामांत त्यांच्या व्यवसायाचा सहभाग होता. मांजरी येथे त्यांची शेती होती. मजूर, खडी, चुना आणि सरकारी बिले यांचा हिशेब त्यांना चांगला समजत असल्याने सभागृहात आकड्यांवरून त्यांची दिशाभूल करणे सोपे नव्हते.

व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव नगरपालिकेपुढे आला तेव्हा ३२ सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. जो सभासद स्वतः सरकारने नेमलेला आहे त्याने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला विरोध करणे असामान्य होते. १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली. भव्य मंडई बांधण्याच्या योजनेलाही त्यांचा विरोध होता. गावात शाळा अपुऱ्या असताना बाजारासाठी एवढा पैसा का, हा त्यांचा प्रश्न. मंडई बांधली गेली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव दिले गेले. कालांतराने तिचे नामांतर महात्मा फुले मंडई असे झाले. ज्यांनी विरोध केला त्यांचेच नाव आज त्या इमारतीला आहे.

१८७६–७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे भुकेलेल्या मुलांसाठी चालविलेल्या बालाश्रमाच्या कामात जोतीराव आणि सावित्रीबाई पुढे होते.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आणि पत्ता जुना गंज पेठेचा दिला. समाजसुधारक हा शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही. शेतकऱ्यांकडून वसूल होणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातील मुलांच्या वाट्याला काही येत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणी त्यांनी तेथे केली. पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण झाला.

२ मार्च १८८८ रोजी हरि रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीस जोतीराव फाटकी पागोटी आणि घोंगडी अशा शेतकऱ्याच्या वेषात गेले. दागदागिने ल्यालेली मंडळी म्हणजे हा देश नव्हे, असे त्यांनी राजपुत्राला बजावले आणि खेड्यांत जाऊन खरी प्रजा पाहण्यास सुचविले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी भागातील कोळीवाड्यात जाहीर सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली.

अखेरची वर्षे

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. मित्र आणि सत्यशोधक कार्यकर्ते डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. उजवा हात चालत नसताना डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आयुष्यभरात मिळविलेला पैसा शाळा, आश्रम आणि समाजकार्यात गेला होता. आजारपणात घरात चणचण होती. मामा परमानंद यांनी जुलै १८९० मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. कधीकाळी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेणाऱ्या माणसाच्या घराची ही अवस्था होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

अंत्यसंस्कार आणि समाधी

जोतीरावांनी १० जुलै १८८७ रोजी मृत्युपत्र करून ठेवले होते. आपले प्रेत दहन न करता मिठात घालून पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी घराच्या मागील बाजूस खड्डाही तयार होता. परंतु राहत्या वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या नगरपालिकेत त्यांनी काही वर्षे काम केले होते तिच्याच नियमामुळे अखेरची इच्छा अपुरी राहिली आणि दहन करावे लागले.

अंत्ययात्रेच्या वेळी दुसरा पेच निर्माण झाला. यशवंत दत्तक, त्यातून विधवेचा मुलगा. त्याने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. टिटवे धरणारा वारस ठरतो, असा समज त्यामागे होता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. स्त्रीने स्मशानात जाणेच जेथे निषिद्ध होते तेथे पत्नीने पतीचे अंत्यसंस्कार केले.

३० नोव्हेंबर रोजी अस्थी घरी आणून दफनासाठी खणलेल्या त्याच जागी ठेवण्यात आल्या. तेथे आज तुळशीवृंदावनाच्या आकाराची समाधी आहे.

वाड्याचा पुढील इतिहास

पतीच्या पश्चात सत्यशोधक समाजाचे काम सावित्रीबाईंनी पुढे चालविले. १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुण्याजवळ यशवंत यांनी चालविलेल्या दवाखान्यात रुग्ण पोचवीत असताना त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यशवंत यांचेही निधन झाले. त्यानंतर फुले कुटुंबाची वाताहत झाली. यशवंत यांच्या पत्नीचे दिवस अत्यंत हलाखीत गेले, संग्रहातील पुस्तके आणि कागद विखुरले आणि घरही कुटुंबाच्या हातून गेले. जोतीरावांच्या हस्तलिखितांपैकी किती या काळात नष्ट झाली याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

जोतीरावांची स्मृती मधल्या काळात पुण्याबाहेर अधिक जपली गेली, असे म्हणावे लागते. त्यांचे पहिले मराठी चरित्र १९२७ मध्ये पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिले. ते बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले पंजाबराव देशमुख यांनी याच परंपरेतून त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या चळवळीत पुढाकार घेतला आणि पुढे शिक्षणसंस्था उभारली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी सत्यशोधक चळवळीला राजाश्रय दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना आपले गुरू मानले.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्य शासनाने वाडा संरक्षित स्मारक म्हणून ताब्यात घेतला. दुरुस्ती आणि परिसराच्या विकासानंतर १९९३ मध्ये राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. आतील खोल्यांत जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे मांडलेली आहेत. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दिवशी येथे राज्यभरातून लोक येतात.

बुधवार पेठेतील भिडे वाड्याच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. मुलींच्या पहिल्या शाळेची ती वास्तू दीर्घकाळ न्यायालयीन वादात अडकून मोडकळीस आली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडण्यात आली आणि त्या जागेवर राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. त्यामुळे फुले दांपत्याच्या प्रत्यक्ष वावराची साक्ष देणारी पुण्यातील प्रमुख वास्तू म्हणून गंज पेठेतील हेच घर उरले आहे.